ज्यायो म्हणणाऱ्यांच्या गराड्यात

साडेपाच वर्षं मी ब्राउनश्वाइगमध्ये बॅटऱ्या म्हाताऱ्या करायचं काम केलं. ऐकणाऱ्याला थट्टा वाटते, पण हे खरंच काम आहे आणि त्यावर पीएचडी मिळते. गाडीच्या बॅटरीतले छोटे सेल कपाटाएवढ्या एका गरम पेटीत ठेवायचे, महिनोन्‌महिने चार्ज करायचे, रिकामे करायचे, पुन्हा चार्ज करायचे, आणि ते कसकसे थकत जातात याची नोंद घ्यायची. पेटीचं दार एकदा लावलं की मधेच उघडायचं नाही. उघडलं तर आतलं तापमान बिघडतं आणि तोवरची मेहनत पाण्यात जाते. मी आले तेव्हा सव्वीस वर्षांची होते. सेलचं म्हातारपण आलेखात दिसायचं, माझं आरशात.

माझ्या समोरच्या टेबलावर एक चिनी मुलगी बसायची. मुलगी म्हणजे तिशीला टेकलेली बाई, पण पीएचडी संपेपर्यंत माणूस पोरगा नाहीतर पोरगीच राहतो. ती माझ्यानंतर दोन वर्षांनी आली. कुठल्याशा लहान गावची होती. ती गाव म्हणायची आणि लोकसंख्या सांगायची आमच्या अख्ख्या जिल्ह्याएवढी. बोलणं मोजकं, राहणं नीटनेटकं, टेबलावर एक थर्मास आणि त्यात गरम पाणी. चहा नव्हे, कॉफी नव्हे, नुसतं गरम पाणी. सर्दी होवो, डोकं दुखो, घरची आठवण येवो, तिच्याकडे सगळ्यावर उतारा तोच होता.

ती येऊन महिना झाला असेल तेव्हा माझ्या पेटीचा पंखा शुक्रवारी संध्याकाळी कधीतरी बंद पडला. सोमवारी येऊन पाहते तर आत भट्टी. चार महिन्यांच्या नोंदी गेल्या. मी टेबलावर डोकं टेकून बसले होते. तिने माझ्याजवळ गरम पाण्याचा पेला ठेवला आणि एक पिवळी चिठ्ठी माझ्या स्क्रीनच्या कडेला चिकटवली. चिठ्ठीवर दोन चिनी अक्षरं होती. तिने वाचून दाखवलं, "ज्यायो." मी अर्थ विचारला. ती म्हणाली, शब्दशः घेतलं तर तेल घाल. म्हणजे गाडीत इंधन घालतात तसं. जोर लाव, पुढे चल.

मी तिला सांगितलं की आमच्याकडे कुणाला तेल लावत जा म्हटलं तर तो पुढे जातो खरा, पण पुन्हा आपल्याकडे बघत नाही. हे इंग्रजीत समजावताना माझी पुरेवाट झाली. समजलं तेव्हा मात्र ती तोंडावर हात ठेवून खूप हसली आणि मीही हसले. त्या दिवशी मला तो शब्द मनापासून आवडला होता. हे मुद्दाम लिहून ठेवते, नाहीतर पुढचं वाचून कुणाला वाटेल की मी पहिल्यापासूनच कडवट होते.

हळूहळू माझ्या स्क्रीनच्या कडेला पिवळ्या चिठ्ठ्या वाढत गेल्या आणि तिच्याकडची सगळी शिदोरी मला पाठ झाली. "नी शिंग" म्हणजे तुला जमतं. "बुयाव फांगची" म्हणजे सोडू नकोस. आणि ज्यायो तर कुणालाही चालायचं, परीक्षेला निघालेल्याला, पळणाऱ्याला, आजाऱ्याला, नोकरी गेलेल्याला. एका रविवारी विद्यापीठाच्या जिममध्ये चिनी विद्यार्थ्यांचे बॅडमिंटनचे सामने होते, तिथे ती मला घेऊन गेली. माझ्या लक्षात आलं की जो हरत असतो त्याच्यासाठी जास्त आरडाओरडा होतो. एक ढेरपोट्या गडी सणसणीत मार खात होता. त्याचं नाव आणि ज्यायो, नाव आणि ज्यायो, असा पन्नास-साठ माणसांचा गजर चालला होता. तो घामाने निथळत होता, त्याचा एक गुडघा दुखत होता हे मलाही दिसत होतं. पण इतकी माणसं ओरडत असताना रॅकेट खाली ठेवायची कशी? तो पूर्ण सामना हरला आणि मगच त्याची सुटका झाली.

आपलं शाब्बास काम झाल्यावर येतं. पाठीवर थाप बसते आणि विषय संपतो. ज्यायो काम चालू असताना येतं, म्हणून ते संपत नाही. जर्मन माणसाची तऱ्हा तिसरीच. तो तुमच्यासाठी स्वतःचा अंगठा मुठीत दाबून धरतो, तसं तुम्हाला सांगतो आणि घरी जाऊन शांतपणे जेवतो. मला तर तीच पद्धत सगळ्यात निरुपद्रवी वाटायची.

आता माझ्या वडिलांबद्दल सांगायला हवं. ते कराडजवळच्या एका शाळेत खेळाचे मास्तर होते. आठवीत असताना त्यांनी मला तालुक्याच्या स्पर्धेत आठशे मीटरला उतरवलं. चौकोनी मैदानाच्या दोन फेऱ्या. दुसऱ्या फेरीला माझ्या उजव्या बरगडीखाली अशी कळ आली की डोळ्यांपुढे काजवे चमकले. मला थांबायचं होतं. पण अप्पा मैदानाच्या आतल्या कडेने माझ्याबरोबर पळत होते, गळ्यातली शिट्टी छातीवर उडत होती, आणि ते ओरडत होते, "शेवटचं वळण, शेवटचं वळण." ते शेवटचं वळण नव्हतंच. अजून दोन बाकी होती. पुढच्या वळणालाही ते तेच ओरडले आणि त्याच्या पुढच्यालाही. मी चौथी आले, चिंचेच्या झाडामागे जाऊन ओकले. अप्पांनी पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "बघ, थांबली असतीस तर?"

तेव्हापासून माझ्या आयुष्यात सगळी वळणं शेवटचीच आली. बारावी शेवटचं वळण, इंजिनिअरिंग शेवटचं वळण, जर्मनीचा व्हिसा शेवटचं वळण. दर रविवारी सकाळी दहाला मी घरी फोन करायचे. तिकडे दुपारची जेवणं झालेली असायची. आई भाजी काय केली ते सांगायची, मग अप्पा फोन घ्यायचे. "काय गं, कुठवर आलं?" मी काहीतरी सांगायचे. ते म्हणायचे, "शेवटचं वळण आता." आत्या लग्नकार्यात भेटली की विचारायची, गंगेत घोडं न्हालं का? इथे आमचे प्रोफेसर पाठीवर हात ठेवून म्हणायचे, "दास क्रीगन विर हिन," म्हणजे आपण ते करून दाखवू. इथे पीएचडीच्या गुरूला डॉक्टरफाटर म्हणतात, डॉक्टरकीचा बाप. तर माझे दोन बाप होते, एक कराडला आणि एक ब्राउनश्वाइगला, आणि दोघंही मैदानाच्या कडेने माझ्याबरोबर पळत होते.

मला सोडायचं होतं. नेमकं कधीपासून, ते तेव्हा कुणी विचारलं नव्हतं म्हणून मीही ठरवलं नव्हतं. निकाल वाईट येत होते म्हणून नव्हे. वाईट निकालांची सवय होते. एका सकाळी पेटीसमोर उभी असताना मला जाणवलं की त्या सेलचं पुढे काय होतं हे जाणून घ्यायची मला तिळमात्र इच्छा नाही. मेले तर मरोत. ही गोष्ट मी दीड वर्षं कुणालाही सांगितली नाही. सांगायची सोयच नव्हती. थकल्यासारखा चेहरा केला रे केला की समोरून ज्यायो यायचं, शेवटचं वळण यायचं, क्रीगन विर हिन यायचं. भिंतीला दार असतं तर माणूस ठोठावतो. इथे तर माणसंच भिंतीसारखी उभी होती, आणि सगळी माझ्या भल्याची.

गेल्या फेब्रुवारीत प्रोफेसरांनी बोलावलं. करार मार्चअखेर संपत होता. त्यांनी आणखी एक वर्षाची वाढ मिळवून आणली होती, त्यासाठी त्यांना कुणाकुणाच्या दाराशी जावं लागलं तेही त्यांनी सांगितलं. फॉर्म पुढे केला. "सही करून पंधरवड्यानंतरच्या सोमवारपर्यंत ऑफिसात द्या." मी दांके म्हटलं, फॉर्म घेतला आणि टेबलाच्या खणात ठेवला. सही केली की आणखी एक वर्ष ती पेटी. नाही केली तर करार संपणार, राहण्याचा परवाना करारावर अवलंबून, तोही संपणार, आणि अप्पांना सांगावं लागणार. या तिन्हींत परवान्याची भीती सगळ्यात कमी होती.

हॅनोव्हरला माझी मावसबहीण राहते, सॉफ्टवेअरमध्ये आहे, नवरा, एक मुलगी, सगळं मार्गी लागलेलं. त्या शनिवारी तिच्याकडे गेले होते. पोहे खाताना मी आडून आडून विषय काढला, की समजा एखादीने वाढ घेतलीच नाही तर.

"आल्झो, हे असलं समजा-बिमजा डोक्यातून काढ," ती म्हणाली. "साडेपाच वर्षं घातलीस तू. आता मेन टाइमला सोडणार? आणि आउफएंटहाल्टचं काय? आउसलेंडरबेह्योर्डेत टेर्मिन मिळायला किती वेळ लागतो माहितेय ना? गेनाऊ. गुपचूप साइन कर, एक वर्ष कसं जाईल कळणारपण नाही. काका किती एक्साइटेड आहेत." आउफएंटहाल्ट म्हणजे राहण्याचा परवाना, आणि ते दुसरं लांबलचक नाव परदेशी लोकांच्या ऑफिसचं, जिथे भेटीची वेळ मिळता मिळत नाही.

तिची सहा वर्षांची मुलगी शेजारी चित्र रंगवत होती. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनमध्येच येतं. तिने मान वर न करता म्हटलं, "दू शाफ्स्त दास, टांटं." मावशी, तुला जमेल. मी तिला गोड हसून दाखवलं आणि आणखी पोहे घेतले.

आमच्या संस्थेत, आणि जर्मनीत बऱ्याच ठिकाणी, एक प्रथा आहे. कुणाची तोंडी परीक्षा झाली की बाकीच्यांनी त्याच्यासाठी हाताने डॉक्टरकीची टोपी करायची. काळा पुठ्ठा, वर चौकोनी फळी, आणि तिच्यावर त्या माणसाच्या इतक्या वर्षांची थट्टा चिकटवायची. जो सारखी सायकल हरवायचा त्याच्या टोपीवर तारेची सायकल, जो मीटिंगमध्ये झोपायचा त्याच्यासाठी छोटी उशी. टोपी घातली की उमेदवाराला हाताने ओढायच्या लाकडी गाडीत बसवतात आणि वाजतगाजत आवारातून फिरवतात. सगळ्यांच्या गोष्टी माहीत असणारी, म्हणजे सगळ्यात जुनं खोड मीच, म्हणून टोप्या करायचं काम माझ्याकडे आलं होतं. सात टोप्या केल्या. डिंकाची बंदूक माझ्या खणातच असायची. नवीन आलेली पोरं मला आधी टोपीवाली म्हणूनच ओळखायची. दुसऱ्यांची डोकी मापून मापून माझा हात इतका बसला होता की नुसतं बघून घेर सांगायचे.

आठवी टोपी त्या चिनी मुलीची होती. ती माझ्या मागून आली आणि माझ्या आधी निघाली. हेवा वाटला का? वाटला. पण परीक्षेचा हेवा नव्हता, जाण्याचा होता. तिची परीक्षा गुरुवारी होती, माझा फॉर्म पुढच्या सोमवारी द्यायचा होता. मी टोपीवर सिगारेटच्या पाकिटाएवढा थर्मास केला, त्यातून कापसाची वाफ काढली. मग मला एक कल्पना सुचली आणि तिथे मी घोळ घातला.

साडेतीन वर्षं हिने मला ज्यायो पाजलं, तर आता तिला तिच्याच भाषेत निरोप देऊ, असं मी ठरवलं. यात प्रेम होतं. थोडा सूडही होता, खोटं कशाला बोलू. तिचा एक लाल मफलर होता, त्या रंगाच्या कागदावर मी ती दोन अक्षरं मोठी करून काढली, माझ्या स्क्रीनवरच्या चिठ्ठीवरूनच गिरवली. आठ जर्मन, एक इराणी आणि खुद्द प्रोफेसर यांना उच्चार शिकवले. गुरुवारी दुपारी दोनला परीक्षेच्या खोलीबाहेर आम्ही दोन्ही बाजूंना ओळी करून उभे राहिलो, लाल कागद वर धरले. ती जिन्याने वर आली, हातात लॅपटॉप आणि थर्मास, आणि आम्ही एका सुरात ओरडलो.

तिचं पाऊल मागे पडलं. एकच पाऊल, पण मी नेमकी समोर होते म्हणून मला दिसलं. चेहऱ्यावरचं रक्त उतरलं. मग तिने मान थोडी लववली आणि आमच्या मधून, कुणाकडेही न बघता, आत गेली. बाकीच्यांना वाटलं भारावून गेली. आत पहिली स्लाइड लागली आणि ती बोलेचना. सगळी खोली वाट बघत होती. तिने थर्मासचं झाकण उघडलं, गरम पाणी ओतून घेतलं, प्यायली, आणि मग कुठे सुरुवात केली. एकदा सुरू झाल्यावर छान बोलली, उत्तम श्रेणीत पास झाली. टोपी डोक्यावर नेमकी बसली. गाडीत पाय दुमडून बसली आणि फोटोपुरती हसली. मला ते हसू ओळखू आलं, कारण गेली दीड वर्षं मीही तेच वापरत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती टेबल आवरत होती. खोलीत आम्ही दोघीच होतो. मी म्हटलं, काल माझं काहीतरी चुकलं, काय ते सांग.

ती खोक्यात पुस्तकं भरत राहिली. मग म्हणाली, "आमच्याकडे शाळेच्या शेवटच्या वर्षी फळ्यावर रोज एक आकडा लिहितात, परीक्षेला किती दिवस उरले त्याचा. रोज सकाळी सगळ्या वर्गाने उभं राहून ज्यायो ओरडायचं. शिक्षक सांगतात म्हणून नाही, आपणच आपल्याला. परीक्षेच्या दिवशी शाळेच्या दाराशी आईवडील दोन रांगा करून उभे राहतात. माझ्या आईने लाल झगा शिवून घेतला होता, लाल शुभ असतं म्हणून. मी त्या रांगांमधून आत गेले आणि नापास झाले. नापास म्हणजे मार्क कमी पडले. मग ते अख्खं वर्ष पुन्हा केलं. पुढच्या वर्षी तेच दार, तोच लाल झगा, तीच आरोळी." तिने एक पुस्तक काढून पुन्हा नीट ठेवलं. "काल मला वाटलं मी तिसऱ्यांदा तिथेच आले."

मला फार लाज वाटली. लाल कागद अजून माझ्या टेबलाखाली पडले होते. मग, का कोण जाणे, लाजेच्या जागी राग आला. "तुला तो शब्द इतका छळतो," मी म्हटलं, "तर साडेतीन वर्षं मला रोज का म्हणत होतीस?"

तिने खोकं बाजूला सरकवलं. ती उगाच काहीतरी उत्तर देणारी नव्हती. "तू अडकलेली दिसायचीस," ती म्हणाली. "अडकलेल्या माणसाकडे फार वेळ बघवत नाही. ज्यायो म्हटलं की मग बघावं लागत नाही. माझी आईही तशीच बघायची नाही."

मला हे ऐकून वाईट वाटायला हवं होतं. उलट छाती मोकळी झाली. म्हणजे माझं अडकणं कुणालातरी दिसत होतं, मी एकटीच वेडी नव्हते. मी खणातून फॉर्म काढला, तिच्यासमोर ठेवला आणि आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने म्हटलं, "मला हे पूर्ण करायचं नाही. मला सोडायचंय."

तिचं तोंड उघडलं. सवयीने काय येणार होतं ते मला माहीत होतं. ते आलं नाही. तिने तोंड मिटलं आणि विचारलं, "कधीपासून?"

मी सांगितलं. पेटीसमोरची ती सकाळ, पोह्यांची बशी, दर रविवारचा फोन, अप्पांची शिट्टी, सगळं. सांगता सांगता रडले, व्यवस्थित नाक ओढत रडले. ती खुर्ची ओढून समोर बसली. सगळं संपल्यावर म्हणाली, "शिनखू ल." हे मी तिच्याकडून कधी ऐकलं नव्हतं. तिने सांगितलं की दिवसभर राबून आलेल्या माणसाला घरी आल्यावर असं म्हणतात, की तुला फार कष्ट पडले. त्याने पुढे काही करावं म्हणून म्हणत नाहीत. मग माझ्या स्क्रीनच्या कडेच्या पिवळ्या चिठ्ठ्यांकडे बोट दाखवून तिने विचारलं, "मी काढू का?" सतरा-अठरा निघाल्या. खालच्या वाळून कडक झाल्या होत्या, डिंकाचे डाग मात्र राहिले. तिने गरम पाण्यात फडकं भिजवून तेही पुसले.

मोकळं वाटलं ते शनिवारपर्यंत टिकलं. शनिवारी पुन्हा भीती वाटू लागली. तिला सांगणं वेगळं, ती बुधवारी विमानात बसणार होती. अप्पा कुठेही जाणार नव्हते. त्यांनी बैठकीच्या भिंतीवर माझ्या डॉक्टरकीच्या फोटोसाठी जागा सोडून ठेवली होती, आईने मला एकदा सांगितलं होतं. मी आरशासमोर वाक्यं जुळवली. सोडतेय म्हणू की थांबतेय म्हणू? ते शेवटचं वळण म्हणाले तर काय उत्तर द्यायचं, चिडले तर काय, गप्प झाले तर काय. गप्प झाले तर मी नक्की माघार घेणार आणि सोमवारी सही करून मोकळी होणार, हे मला ठाऊक होतं. पेनही पिशवीत घालून ठेवलं होतं.

रविवारी दहाला फोन लावला. आईने मेथीची भाजी सांगितली, शेजारच्यांकडच्या साखरपुड्याचं सांगितलं. मग अप्पांनी फोन घेतला.

"काय गं, कुठवर आलं?"

"अप्पा, एक बोलायचंय."

"बोल की."

"त्यांनी अजून एका वर्षाचा फॉर्म दिलाय. उद्या द्यायचाय. मी सही करणार नाही. पीएचडी सोडतेय मी." जुळवलेलं एकही वाक्य आलं नाही. "मला नाही होत आता. होत नाही म्हणजे, मला करायचंच नाही. दीड वर्ष झालं. तुम्हाला सांगायला भ्यायले."

ते गप्प झाले. पलीकडे पंख्याची घरघर ऐकू येत होती आणि आई लांबून विचारत होती, "अहो, काय म्हणतेय ती?" अप्पांनी तिला उत्तर दिलं नाही. मी फोन कानाला घट्ट धरून उभी होते. आता येईल, मी मनात म्हणत होते, आता वळण येईल. आणि आलं की मी बरं म्हणणार.

"तुझ्या पोटात कळ आली होती," अप्पा म्हणाले.

"कधी?"

"तालुक्याच्या त्या शर्यतीत. दुसऱ्या फेरीला. हात बरगडीवर होता तुझा." त्यांनी पंखा बंद केला. "दिसला होता मला."

 इतकी वर्षं मी धरून चालले होते की त्यांना कळलं नव्हतं.

"थांब म्हणायला पाहिजे होतं," ते म्हणाले. "तोंडातून आलंच नाही. ओरडतच राहिलो."

आईने पुन्हा विचारलं, या वेळी जवळ येऊन, "अहो, सांगा ना, काय झालंय?"

"काही झालं नाही," अप्पा तिला म्हणाले. "दमलीय पोरगी."

मग त्यांनी मला विचारलं, कधी येतेस. मी म्हटलं, उद्या फॉर्म कोराच परत देते, खोली सोडायची नोटीस देते, महिना तरी लागेल. सामान बरंच आहे.

"लागू दे," अप्पा म्हणाले. "सावकाश ये."